पुण्याचा माणूस 38 लाख देतोय, गाडी मात्र गोदामात

"साहेब, नमस्कार. माझं जालन्यात बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. 2020 मध्ये हौसेनं स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 घेतली, माझ्या स्वतःच्या नावावर. भारतात फक्त 200 आल्या होत्या. आजवर 11 हजार किलोमीटर झालेत, टायर अजून कंपनीचेच आहेत, नव्यासारखे. दोन वर्षांपूर्वी एकानं 34 लाखांना मागितली, मी दिली नाही. आता पुण्याचे एक गृहस्थ 38 देतो म्हणतात. त्यांचं म्हणणं, अशा गाडीचा भाव मीटरवर असतो. 15 हजारांच्या आत असेल तर 38, 30 हजार झाले असते तर 35 दिले असते. ते ऐकल्यापासून गाडी एमआयडीसीतल्या गोदामात कव्हर घालून उभी केली. दर रविवारी जाऊन दहा मिनिटं चालू करून येतो. आमचे दाजी प्लॉटिंगचा धंदा करतात. ते म्हणतात, दहा वर्षं हात लावू नका, कोटीत जाईल. मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, 'पप्पा, मग घेतलीच कशाला?' बायको म्हणते, या गाडीला दसऱ्याचा हार तेवढा माहीत. विम्याची रक्कम 16 लाख आहे. चालवू की जपू?"
अ. शि., जालना

नमस्कार अ. शि.,

चालवा, नाहीतर विका. सध्या तुम्ही जे करताय ते या दोन्हींत बसत नाही आणि खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर तेच सगळ्यात महाग आहे. पत्रात जिथं तुम्ही "जपतो" म्हणता, तिथं मला गाडी खराब होताना दिसतेय. ते कसं ते सांगतोच, पण आधी पैशाचं बघू, कारण गाडी गोदामात गेली ती पैशाच्या आकड्यामुळं.

गाडीची एक्स-शोरूम किंमत होती 35 लाख 99 हजार. आपल्याकडं 20 लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. विमा आणि बारीकसारीक धरून गाडी दारात आली तेव्हा 42 लाखांच्या घरात पडली असणार. हेच 42 लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते तर पाच वर्षांत 56 झाले असते. तुम्हाला मिळतायत 38. म्हणजे "भाव वाढला" हे खरं असलं तरी ते 34 च्या मानानं खरं आहे. तुम्ही घातलेल्या पैशाच्या मानानं तुम्ही 18 लाख मागं आहात. याचं वाईट वाटून घेऊ नका. हौसेची गाडी म्हटल्यावर पैसे जायचेच, आणि एवढ्या वर्षांनी 42 चे 38 उरणं हे सेडान गाडीच्या नशिबात फार क्वचित असतं. पण 18 लाख भागिले 11 हजार किलोमीटर केलं तर किलोमीटरला 164 रुपये येतात. जालन्याहून संभाजीनगरला एकदा जायचे जवळजवळ दहा हजार. एवढं महाग तिकीट काढून तुम्ही प्रवास मात्र केलाच नाही.

आता पुण्याच्या माणसानं न विचारता दिलेला हिशेब बघा. त्यांच्या मते 15 हजार आणि 30 हजार यांत तीन लाखांचा फरक. म्हणजे 15 हजारांच्या पुढं प्रत्येक किलोमीटर 20 रुपयांना पडतो. आणि तुमचं मीटर आहे 11 हजारांवर. त्यांच्याच शब्दांत पहिले 4 हजार किलोमीटर तुम्हाला फुकट आहेत! घासाघीस करताना समोरचा माणूस एवढं हातचं देऊन जातो आणि आपण ते ऐकून गाडीला कुलूप लावतो, हे मला काही झेपलं नाही. तुमच्यासारखा हौशी माणूस वर्षाकाठी पाच-सहा हजारांवर काही जाणार नाही. तीन वर्षं मनसोक्त चालवलीत तरी तुमचं नुकसान तीन लाखांच्या आत राहतं.

भाव चढला कशामुळं, हे दाजींनाही समजावून सांगा, म्हणजे तो कुठवर चढेल याचा अंदाज येईल. ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची, पण आरएस 245 तिथली नव्हे. ती तयार होऊन बाहेरून आली, 2020 च्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि सगळ्या 200 विकल्या गेल्या. पुढं 2023 मध्ये साधी ऑक्टाव्हियाही आपल्याकडं बंद झाली. मग 2025 च्या ऑक्टोबरात नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, फक्त 100 गाड्या, किंमत 49 लाख 99 हजार, आणि त्याही लगेच संपल्या. नवी गाडी दारात यायला 55 च्या पुढं लागतात म्हटल्यावर जुनी 38 ला स्वस्त वाटते. तुमच्या भावाचं मुख्य कारण हे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बाहेरून थोड्या गाड्या आणायला नियमात सवलत आहे आणि ती वापरून कंपनीनं एकदा 200 आणल्या, एकदा 100. उद्या आणखी आणणार नाही, असं कुणी लिहून दिलंय? शिवाय ही दुर्मिळता आपल्या सीमेपुरती आहे. इंग्लंडात हीच गाडी, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची, नेहमीच्या विक्रीला होती. बाहेरचा कुणी शौकीन तुमच्या गाडीसाठी जालन्याला येणार नाही.

दाजी म्हणतात कोटीत जाईल. 38 चे 100 व्हायला दहा वर्षं दरवर्षी दहा टक्क्यांच्या वर वाढ लागते, मधला विमा, टायर, सर्व्हिसिंग धरलेलंच नाही. दाजींचा सगळा जन्म प्लॉटात गेला. प्लॉट दहा वर्षं पडून राहिला तर त्यावर बाभळी उगवतात, त्या तोडल्या की प्लॉट होता तसा. गाडीला हा नियम लागू करता येत नाही. तरी त्यांचा ठाम विश्वास असेल तर सरळ विचारा, "दाजी, तुम्हीच 38 ला घेता का?" काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.

जगात जपून ठेवलेल्या गाड्यांना जास्त पैसे मिळतात हे मी नाकारत नाही. मॅकलारेन एफ1 नावाची गाडी सगळी मिळून 106 बनली. त्यातली एक, जेमतेम 390 किलोमीटर चाललेली, 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्याच गाडीची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मिस्टर बीनचं काम करणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सननं 1997 मध्ये एक एफ1 घेतली, 5 लाख 40 हजार पौंडांना. ती त्यानं रोजच्या गाडीसारखी चालवली, साधारण 66 हजार किलोमीटर. दोनदा ठोकली. दुसऱ्या वेळी दुरुस्तीलाच विमा कंपनीचे 9 लाख पौंड गेले. आणि 2015 मध्ये ती विकली गेली 80 लाख पौंडांना. घेणाऱ्याला तिचा पै-पै कागद दिसत होता, कुठं काय मोडलं, कुणी दुरुस्त केलं, कधी केलं. अर्थात ती मॅकलारेन आणि आपली चार दरवाजांची ऑक्टाव्हिया, डिकीत बियाण्याची पोती मावतील अशी. तुलना तिथंच थांबवतो. पण कागद ठेवायची सवय उचलण्यासारखी आहे. सर्व्हिसचं प्रत्येक बिल, टायरची पावती, बॅटरीची पावती, सगळं एका फाइलीत लावा. मीटरवरच्या 12 हजार आणि 22 हजार किलोमीटर यांतला फरक अशी फाइल बऱ्यापैकी भरून काढते.

आता गोदाम. मी बरीच वर्षं विम्याच्या सर्व्हेला गाड्या बघितल्या, त्यामुळं पत्रातला "गोदाम" हा शब्द वाचूनच मी ताठ बसलो.

तुमच्याकडं मका, सोयाबीन, सरकी असणार, म्हणजे उंदीर असणार. बीडकडच्या एका उभ्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला तर फिल्टर दिसेना. डबा काठोकाठ सरकीनं भरलेला, वर कुरतडलेल्या कागदाचा थर आणि बाजूच्या वायरिंगच्या तीन तारा उघड्या पडलेल्या. मालक दर आठवड्याला बाहेरून कव्हर झटकून जायचे. नव्या गाडीत वायरिंगचा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बहुतेक वेळा तुकड्यात मिळत नाही, अख्खा मागवावा लागतो, आणि 200 गाड्यांतल्या एकीचा हार्नेस शोरूमच्या कपाटात पडलेला नसतो.

उंदीर निदान दिसतात तरी. बियाण्याला कीड लागू नये म्हणून गोदामात गोळ्या ठेवता ना, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या? त्यातून जो फॉस्फिन वायू सुटतो तो तांबं, पितळ, चांदी खातो, आणि हवेत दमटपणा असला की जास्तच. तुमच्या गाडीत तांब्याच्या तारा आहेत, सेन्सरचे कनेक्टर आहेत, सर्किट बोर्ड आहेत. गोळ्या ठेवलेल्या गोदामात गाडी उभी करणं म्हणजे तिच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही धुरी देणं. लगेच काही दिसत नाही. वर्षभरानं डॅशबोर्डवर कुठलातरी दिवा लागतो, मशीन लावून बिघाडाचा कोड काढला तर तो भलताच सेन्सर सांगतो, आणि मेकॅनिक अंदाजानं एकेक भाग बदलत बसतो. त्यात खताची पोती शेजारीच असतील. युरिया, पोटॅश ही सगळी पावसाळ्यात पाणी धरणारी खतं, आणि पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला सोडत नाही. तेव्हा हे पान वाचून झालं की पहिलं काम, गाडी तिथून हलवा. घराच्या पोर्चमध्ये धूळ बसली तरी परवडली. धूळ धुता येते. फक्त कोरड्या फडक्यानं पुसू नका, आपल्या मातीचे कण रंगावर चरे काढतात. पाण्याची टंचाई असली तरी दोन बादल्यांत गाडी नीट धुतली जाते. चंदेरी प्लास्टिकचं कव्हर असेल तर तेही टाकून द्या, पावसाळ्यात त्याच्याखाली घाम सुटतो. घालायचंच तर सुती, हवा खेळणारं घाला.

रविवारची दहा मिनिटं आजपासून बंद. ही सवय आपल्याकडं घरोघरी आहे आणि ती चांगल्या हेतूनं इंजिनाचं वाटोळं करते. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त घेतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून पाणी होतं, ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. इंजिन पुरतं तापून काही वेळ चाललं तरच हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. दहा मिनिटं उभ्या उभ्या चालवून तुम्ही ते आत सोडता आणि झाकण लावता. बॅटरीतून स्टार्टरनं जेवढं घेतलं तेवढंही नीट परत भरत नाही. गिअरबॉक्स, ब्रेक, टायर तर जागचे हललेच नाहीत. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास चालवा, चार-दोनदा ब्रेक जोरात लावा, एसी चालू ठेवा. कधी गावाला जाणार असाल आणि महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, कारण हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये हवेतला ओलावा शिरतो आणि रिकाम्या टाकीत त्याला जागा जास्त. बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे ती हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, लावा. ब्रेक ऑइल मीटर न बघता दर दोन वर्षांनी बदला, तेही पाणी ओढतं.

आणि टायर. "कंपनीचेच आहेत, नव्यासारखे" असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, मला त्याचीच भीती वाटली. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर शेवटी 19 किंवा 20 असणार. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, त्यात एकाच जागी उभं राहून चपटं बसलेलं. अशा टायरवर मे महिन्याच्या दुपारी, 42 अंशांत, समृद्धीच्या काँक्रीटवर 120 नं जायचं म्हणजे जिवाशी खेळ. नवे चारी टायर टाका. जुने ठेवावेसे वाटले तर ठेवा गोदामात, पण गाडीखाली नकोत.

विमा 16 लाख लिहिलात ते वाचून तर मी कपाळाला हात लावला. अहो, उद्या गोदामात शॉर्टसर्किट झालं, सरकीच्या पोत्यांनी पेट घेतला, तर 38 लाखांच्या गाडीचे तुमच्या हातात 16 येणार. पाच वर्षांपर्यंत विम्याची रक्कम ठरलेल्या तक्त्यानं खाली येते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मी घट धरतात. पण पाच वर्षं उलटली की रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. एजंटनं आणून दिलेल्या कागदावर सही करायची सवय सोडा. नूतनीकरणाच्या आधी व्हॅल्युअरकडून किंमत लिहून घ्या, पुण्याच्या माणसाचा मेसेज जोडा आणि रक्कम वाढवून मागा. एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरीकडं जा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. गाडी जपायचीच असेल तर जपणूक इथं करायची.

विकायचं ठरलं तर कराचं थोडक्यात. स्वतःच्या नावावरची, स्वतःच्या वापराची गाडी आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. त्यामुळं उद्या भाव खरंच चढून नफा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तोटा झाला तर तोही दाखवता येत नाही. दुकानाच्या हिशेबात घेऊन तिच्यावर घसारा लावला असेल तर गोष्ट वेगळी, ते तुमच्या सीएला विचारा. आणि गंमत बघा, ही सवलत "वापराच्या" वस्तूला आहे. दहा वर्षं न वापरता केवळ भाव चढायची वाट बघत ठेवलेली गाडी वापराची होती, हे पटवून द्यायची वेळ आली तर काय दाखवणार? दसऱ्याचे फोटो?

कुणीतरी तुम्हाला "व्हिंटेज" होईल असंही सांगेल. आपल्याकडं नोंदणीत व्हिंटेज म्हणायला गाडी 50 वर्षांच्या पुढची लागते. तुमची 2070 नंतर होईल. शिवाय ती नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. सोडा तो विषय.

मुलाचं काय? 245 पीएस, साडेसहा सेकंदांच्या आसपास शंभरचा वेग. नवं लायसन्स आणि ही गाडी, एकट्यानं आणि मित्रांना घेऊन, हे मी माझ्या घरात होऊ दिलं नसतं. पण त्याला हातच लावू द्यायचा नाही, हेही बरोबर नाही. रविवारी तुमची गोदामाची फेरी असते, त्याऐवजी पहाटे त्याला शेजारी बसवा, जालन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीला चढा आणि जाताना तुम्ही, येताना तो. 120 ची मर्यादा त्याला तुमच्यासमोर पाळू द्या. 701 किलोमीटरचा रस्ता दारातून गेलाय, त्यासाठी मुंबई-पुण्याची माणसं आपला हेवा करतात, आणि तुमच्या गाडीचं मीटर हललेलं नाही. वहिनींनाही घेऊन जा. त्यांचा टोमणा मला रास्त वाटतो.

2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या गेल्या, 65 कोटींच्या आसपासचा सौदा, देशभर गाजला होता. लोक हसले, नावं ठेवली. पण भाव उतरणार हे घेणाऱ्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी मिरवायला घेतल्या आणि मिरवल्या. हिशेब स्वच्छ. तुमचा घोटाळा एवढाच झालाय की घेतली हौसेनं आणि सांभाळताय गुंतवणूक म्हणून.

तरी तुम्हाला खरोखर पैशाचीच गरज असेल, दुकानात भांडवल अडकलं असेल, मुलाची फी असेल, तर मग दुसरा विचार करू नका, पुण्याला फोन करा आणि याच महिन्यात 38 घ्या. पुढच्या वर्षी नवी खेप आली तर हा आकडा राहील याची हमी नाही. आरसी ट्रान्सफर होईपर्यंत एक किल्ली आपल्याकडं ठेवा आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

गरज नसेल तर ठेवा आणि चालवा. टायर आधी बदला, ऑइल बदलून घ्या, एअर फिल्टरचा डबा आणि वायरिंग मेकॅनिकला उघडून बघायला सांगा, उंदीर येऊन गेले असतील तर त्याचा खर्च आत्ता कळलेला बरा. त्यानंतरचे 4 हजार किलोमीटर, पुण्याच्याच भावानं, तुम्हाला फुकट आहेत. तिथून पुढं 20 रुपये किलोमीटर. परवडत असेल तर मीटरकडं बघू नका.